एच. पायलोरी, घरातला कुत्रा आणि चिकनचं वेस्टेज: पोटाचे जंतू कुठून येतात, कसे अडवायचे

पित्ताचा त्रास महिनोन्‌महिने जात नाही, एंडोस्कोपी होते आणि रिपोर्टवर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ येतं. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर पहिलं खापर त्याच्यावर फुटतं आणि त्याला गावाकडच्या मळ्यावर सोडून यायच्या गोष्टी सुरू होतात. तसं करू नका. हा जंतू मुळात माणसांचा आहे. ज्या जंतूंमुळे पाळीव जनावराकडून माणसाला खरोखर जुलाब लागतात ते वेगळेच आहेत, आणि त्यांची वाट कच्च्या कोंबडीतून, जेवणाच्या भांड्यातून आणि न धुतलेल्या हातातून जाते. तिकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

आधी जंतू ओळखा

हेलिकोबॅक्टर पायलोरी जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात राहतो. तिथल्या युरियापासून तो अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल बोथट करतो, म्हणून एवढ्या तीव्र आम्लात तग धरतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात त्याचा जठरदाहाशी आणि अल्सरशी असलेला संबंध दाखवला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तो माणसाकडून माणसाकडे जातो, बहुतेक वेळा लहानपणीच आणि घरातल्या घरात: लाळेतून, उलटीतून, विष्ठेतून, दूषित पाण्यातून. बाळाला आपल्या तोंडात चावून मऊ केलेला घास भरवायची सवय अजून काही घरांत आहे, ती बंद करण्याजोगी आहे. मांजरांत हा जंतू सापडल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी मोजक्या.

कुत्र्या-मांजरांच्या जठरात याच घराण्यातले दुसरे जंतू असतात: हेलिकोबॅक्टर फेलिस, बिझोझेरोनी, सालोमोनिस, हाइलमानी. सूक्ष्मदर्शकाखाली ते पायलोरीपेक्षा लांब आणि वाइनच्या बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळदार दिसतात. धडधाकट जनावरांतही ते सर्रास असतात आणि बहुतेकांना काही त्रास देत नाहीत. ते माणसातही सापडतात, पण क्वचित. सापडले तर सहसा सौम्य जठरदाह असतो, कधी अल्सर, आणि फारच विरळा मॉल्ट लिम्फोमा नावाचा जठराचा कर्करोग.

इथे एक गोष्ट कामाची आहे. श्वासाची युरिया टेस्ट आणि विष्ठेतली अँटिजेन टेस्ट या दोन्ही पायलोरीसाठी बनवलेल्या आहेत. प्राण्यांकडचे जंतू जठरात संख्येने कमी आणि तुरळक ठिकठिकाणी असतात, त्यामुळे ते या टेस्टमधून निसटू शकतात. त्रास टिकून आहे, टेस्ट निगेटिव्ह आहे आणि घरात कुत्रा-मांजर आहे, असं असेल तर एंडोस्कोपीच्या आधी ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मग ते जठराच्या अस्तराचे एकाऐवजी अनेक जागचे तुकडे तपासणीला घेतील आणि पॅथॉलॉजिस्टला काय शोधायचं ते कळवतील.

टेस्टची तयारी चुकली की रिपोर्ट खोटा येतो, आणि हे फार वेळा होतं. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल यांपैकी जी गोळी सकाळी उपाशीपोटी चालू असेल ती टेस्टच्या २ आठवडे आधी थांबवावी लागते. अँटिबायोटिक आणि बिस्मथ असलेलं औषध ४ आठवडे आधी. थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच, कारण रक्तस्राव झालेल्या अल्सरच्या रुग्णाला ती अशी बंद करता येत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट स्वस्त असली तरी जंतू आत्ता पोटात आहे की पूर्वी होऊन गेला हे ती सांगत नाही. पायलोरी मारायच्या औषधांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो. त्यात तोंड कडू होतं, मळमळतं, आणि बरं वाटू लागलं की चौथ्या-पाचव्या दिवशी लोक गोळ्या सोडतात. तिथेच जंतू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट करा. जंतू गेला हे तिथे कळतं, बरं वाटण्यावरून कळत नाही.

आणि तुमच्या रिपोर्टवरून कुत्र्याला अँटिबायोटिक सुरू करायला पशुवैद्याच्या मागे लागू नका. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी ती गत होते. कुत्र्याला स्वतःला वारंवार उलट्या होत असतील, वजन उतरत असेल तर त्याची तपासणी वेगळी आणि औषधही वेगळं. तिथेही आधी बाकीची कारणं पाहतात: जंत, खाण्यातला बदल, गिळलेला चेंडू किंवा मोजा.

खरी देवाणघेवाण जुलाबाच्या जंतूंची

दोन नावं लक्षात ठेवा: कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला. दोन्ही आतड्यातले. पाळीव जनावर ते अंगावर काही न दाखवता बाळगू शकतं, म्हणजे कुत्रा उड्या मारतोय म्हणून त्याची विष्ठा निर्धोक असं होत नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, रस्त्यावरून किंवा दाटीच्या ब्रीडिंगच्या जागेतून नुकतं आलेलं, त्यातून जुलाब होणारं: सगळ्यात जास्त सावधगिरी इथे हवी. कॅम्पिलोबॅक्टर लागायला काहीशे जंतू पुरतात. एवढे नखाखाली सहज मावतात. लक्षणं साधारण २ ते ५ दिवसांनी दिसतात, त्यामुळे लोक आदल्या रात्रीच्या मिसळीला दोष देतात आणि तीन दिवसांपूर्वी आणलेलं पिल्लू कोणाला आठवत नाही.

दोघांच्या स्वभावात एक फरक आहे, तो रोजच्या कामात उपयोगी पडतो. कॅम्पिलोबॅक्टर कोरडेपणाला टिकत नाही. ओली घासणी, ओलं फडकं, साचलेलं पाणी इथे जगतो. साल्मोनेला मात्र वाळलेल्या जागीही दीर्घकाळ तग धरतो, कोरड्या डॉगफूडमध्येसुद्धा. फ्रीजरमध्ये ठेवल्याने दोघेही मरतील असा भरवसा धरता येत नाही. शिजवल्याने दोघेही मरतात.

या जंतूंपासून सर्वांत जपायचं ते पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले रुग्ण यांना. या यादीत आणखी एक गट येतो, तो लोकांच्या ध्यानात येत नाही: अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेणारे. जठरातलं आम्ल हा जुलाबाच्या जंतूंविरुद्धचा पहिला पहारा आहे. गोळीने तो सैल पडतो आणि थोडेसे जंतूही पुढे सरकतात. म्हणजे ज्या घरात एच. पायलोरीची चौकशी चालू आहे त्याच घरात ही काळजी जास्त घ्यायला हवी.

चिकनचं वेस्टेज

नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत कुठल्याही चिकनच्या दुकानात रविवारी सकाळी कुत्र्यासाठी ‘वेस्टेज’ मागणारी दोन-चार माणसं दिसतील. पाय, मुंड्या, आतडी, कातडी असं एका काळ्या पिशवीत मिळतं. ती पिशवी घरी आली की ओट्यावर ठेवली जाते, तिच्यातून लालसर पाणी गळतं, आणि त्याच ओट्यावर पाच मिनिटांनी कोथिंबीर चिरली जाते. कुत्र्याने काही खाण्याआधीच जंतू घरभर झालेले असतात.

असं करा. दुकानात जाताना घट्ट झाकणाचा डबा न्या. आतडी आणि कातडी घेऊच नका. आतड्यांत जंतू सगळ्यात जास्त, आणि कातडीच्या चरबीने कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. पाय-मुंड्यांपेक्षा बिनहाडाचे उरलेले तुकडे आणि थोडी कलेजी मागा. घरी आल्यावर डबा थेट कुत्र्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात रिकामा करा. नळाखाली खळखळून धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र शेजारच्या ताटा-वाट्यांवर उडतात. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने एकदा बुडवा, ते पाणी संडासात ओता आणि पातेलं बाहेर मोरीत घासा.

एक किलोला दीड लिटर पाणी, मीठ-मसाला काही नाही. खळखळ उकळी फुटल्यावर मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं. सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघा: आत गुलाबी नको, निघणारं पाणी स्वच्छ हवं. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या आत ७४ अंश सेल्सिअस. कुकरमध्ये दोन शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर १० मिनिटं ठेवलं की काम होतं. वर आलेली चरबी काढून टाका. शिजलेलं हाड एकही देऊ नका. ते टोकदार तुटतं आणि आतड्यात रुततं. म्हणून शिजल्यावर मांस हाताने सोडवून हाडं बाजूला करायची, आणि ती हाडं अशा ठिकाणी ठेवायची जिथून कुत्रा ती उकरून काढणार नाही. भातात कालवताना आपल्या रश्श्याचा एक डावही नको, कारण कांदा-लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा एका तासात. खोल पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट डब्यांत वाटून ठेवा. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं फ्रीजरमध्ये. हल्ली कच्च्या मांसाचं ‘रॉ डाएट’ शहरात वाढतंय. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेत आणि तोंडात साल्मोनेला सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि तेच तोंड मुलाच्या गालाला लागतं. गवळ्याकडचं कच्चं दूधही पिल्लाला उकळल्याशिवाय देऊ नका. उकळलेलं दूधसुद्धा अनेक कुत्र्यांना पचत नाही. जुलाब झाला की आधी दूध बंद करून बघा.

नाशिककरांना हेही सांगायलाच हवं, विषय जंतूंचा नसला तरी: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. किडन्या निकामी होऊ शकतात. दिंडोरी, निफाडच्या बागांत राखणीला असलेली कुत्री खाली पडलेले मणी खातात. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या तर त्याला ‘पोट बिघडलं’ म्हणून वाट बघत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

भांडं, पाणी आणि हात

कुत्र्याचं भांडं स्टीलचं घ्या. प्लॅस्टिकला चरे पडतात आणि त्यात बुळबुळीत थर धरतो. बोट फिरवलं की लागतो तो हाच, आणि नुसत्या पाण्याने तो निघत नाही. जेवणाचं भांडं दर जेवणानंतर आणि पाण्याचं रोज एकदा, साबण आणि गरम पाण्याने, वेगळ्या घासणीने. स्वयंपाकघरातलं सिंक नको. मोरी किंवा गॅलरीतला नळ. मग पालथं घालून पूर्ण वाळू द्या. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा नीट दाखवून सांगा आणि कुत्र्याच्या घासणीचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

कोरडं डॉगफूड मूळ पिशवीतच तोंड घट्ट बांधून ठेवा आणि ती पिशवी डब्यात. हाताने किंवा कुत्र्याच्या वाटीने उपसू नका, एक चमचा त्यासाठीच राखा. भिजवलेलं डॉगफूड उन्हाळ्यात तासाभराने उरलं तर फेकून द्या. पाणी तुम्ही पिता तेच त्यालाही. सोसायटीची टाकी कधी धुतली हे माहीत नसेल आणि माणसं फिल्टरचं पीत असतील, तर कुत्र्याला नळाचं देण्यात बचत काहीच नाही. नदीकाठी फिरायला नेलं तर गोदावरीचं पाणी पिऊ देऊ नका, पावसाळ्यात तर डबक्यातलंही नाही.

हात २० सेकंद साबणाने, नखांखाली आणि अंगठ्याच्या बेचक्यातही: विष्ठा उचलल्यावर, भांडं धुतल्यावर, कच्च्या मांसाला हात लावल्यावर, आणि स्वतः जेवायला बसण्याआधी. सॅनिटायझर माखलेल्या हातावर नीट चालत नाही.

चाटण्याबद्दल. कुत्रा आपला पार्श्वभाग चाटतो आणि लगेच तोंडाशी येतो, जंतूंचा सरळ रस्ता तो हा. हाताला-पायाला चाटलं तर धुतलं की झालं. तोंड, नाक, डोळे, उघडी जखम इथे नको; तान्ह्या बाळाला कुठेच नको. कुत्र्याला ओरडून उपयोग होत नाही, तोंड वळवून उठून जा आणि तो शांत बसला की कुरवाळा; आठवड्याभरात बहुतेक कुत्र्यांना समजतं. जवळ घेऊन झोपणं, अंगावरून हात फिरवणं याने घाबरून जायचं कारण नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांचे आणि कुत्र्यांचे कातडीवरचे जंतू पुष्कळ जुळतात, आतड्यातले त्यामानाने कमी.

घरात जुलाब झाल्यावर

फरशीवर पडलेलं आधी जाड कागदाने उचला, हातमोजे घालून, बाहेरून आत. पाणी ओतून पसरवू नका. मग साबणाच्या पाण्याने जागा धुवा. ब्लीच त्यानंतर. घाणीवर थेट ब्लीच ओतलं तर घाणच त्याला खाऊन टाकते आणि जंतू शिल्लक राहतात. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिलि, औषधाच्या मापाने मोजून. गरम पाण्यात ते विघटून जातं. जागा १० मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, फरशी पूर्ण वाळली की जनावराला आत सोडा. द्रावण रोज ताजं करा, कालचं कमजोर झालेलं असतं. हे सगळं करताना खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं आम्ल कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

फिनेलबद्दल मांजरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. काळ्या फिनेलमधली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला निचरता येत नाहीत. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि जुलाब थांबायच्या ऐवजी लाळ गळायला, अंग थरथरायला लागतं. त्या घरात काळं फिनेल नकोच.

विष्ठा कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून घंटागाडीत वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात नको, घरच्या कंपोस्टमध्ये तर मुळीच नको. तिथे एवढी उष्णता होत नाही की जंतू मरतील, आणि तेच खत पुढे मेथी-पालकाला जातं.

विष्ठेचा नमुना तपासायला द्यायचा असेल तर स्वच्छ डबीत, जमिनीला न लागलेला वरचा भाग, चमचाभर. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. आणि कॅम्पिलोबॅक्टरची शंका असेल तर चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. त्याला वाढायला ४२ अंश तापमान आणि कमी प्राणवायू लागतो, साध्या कल्चरमध्ये तो उगवतच नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. ही चूक माणसांच्या नमुन्यातही होते.

माणसाला जुलाबात रक्त पडलं, ताप चढला, तीन दिवसांत उतार नाही, लघवी कमी झाली, किंवा आजारी पडलेलं लहान मूल असलं तर डॉक्टर. तोवर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण, अर्धं-अर्धं करून नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. कॅम्पिलोबॅक्टरनंतर एक ते तीन आठवड्यांनी पायात मुंग्या येऊन बळ जाऊ लागलं तर लगेच रुग्णालयात जा. गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार असा सुरू होतो. तो विरळा आहे, पण त्यात उशीर महाग पडतो. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब एकत्र होत असतील तर तो पार्वो हा विषाणू असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्य.

घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करतं. उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नाही: एका घरातल्या माणसांत आणि कुत्र्यांत एकाच जातीचे ई. कोलाय हे आतड्यातले जंतू सापडतात, आणि कुत्र्याच्या पोटात औषधाला निर्ढावलेला जंतू पुढे तुमच्याकडे येऊ शकतो.

उलटही होतं. माणसाला जुलाब-उलट्या होत असतील तर त्याने कुत्र्याचं जेवण बनवू नये, हाताने घास भरवू नये. कमोडचं झाकण बंद ठेवा, पुष्कळ कुत्रे तिथलं पाणी पितात. बाळाचे डायपर झाकणाच्या डब्यात टाका.

मांजराची वाळू रोज उपसा. ती संडासात टाकू नका. घरी पाण्यातलं कासव असेल तर साल्मोनेला त्याच्या अंगावर आणि पाण्यात आहे असंच धरून चाला: पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात ते देऊ नका, आणि त्याच्या टाकीचं पाणी बेसिनमध्ये न ओतता संडासात ओता. परसातल्या कोंबड्यांनाही हाच नियम, आणि त्यांच्या खुराड्यात जायची चप्पल घरात आणायची नाही.

नवं पिल्लू आणलं की पहिले पंधरा दिवस त्याची जागा एका खोलीपुरती ठेवा, स्वयंपाकघरापासून दूर. पहिल्या दोन-तीन दिवसांतच पशुवैद्याला दाखवा, जंतांचं औषध आणि लसीच्या तारखा लिहून घ्या, विष्ठा पातळ असेल तर नमुना सोबत न्या. खाणं एकदम बदलू नका; आधीचं आणि नवीन मिसळून सात दिवसांत हळूहळू वळवा. जागा बदलल्याचा ताण आणि अन्नातला बदल एकाच वेळी पडला की आतड्यात गप्प बसलेले जंतू जोर धरतात.